उरलेले 363 दिवस

आपल्या वस्तीत माणूस गेला की दुसऱ्याच दिवशी फोटोची शोधाशोध सुरू होते. पुण्यानुमोदनाचा फ्लेक्स छापायचा असतो, घरात बुद्ध-बाबासाहेबांच्या खाली एक फ्रेम लावायची असते. पेटी उघडली जाते, कपाटावरच्या पिशव्या खाली काढल्या जातात. हाती काय लागतं? कुणाच्या तरी लग्नातला घोळक्याचा फोटो, आणि त्यात गेलेला माणूस मागच्या रांगेत अर्धा झाकलेला. नाहीतर मग आधार कार्ड. त्यावरचा तो दचकलेला, राखाडी चेहरा दुकानात नेऊन मोठा करतात, मागे निळं आभाळ टाकतात, आयुष्यात कधी कोट न घातलेल्या म्हाताऱ्याला कोट चढवतात. सत्तर वर्षं दुसऱ्याच्या रानात राबलेल्या बाईचा एकुलता एक स्पष्ट फोटो सरकारने काढलेला असतो, आणि तोही ओळख पटवण्यासाठी.

ही गरिबीची गोष्ट आहे असं कुणी म्हणेल. दहा-पंधरा वर्षांपूर्वीपर्यंत होतीही. पण आज केडगावच्या आमच्या वस्तीत बहुतेक घरांत कॅमेरावाला मोबाइल आहे, काही घरांत तीन-तीन आहेत. तरी फोटो सापडत नाही. मोबाइल फुटला, मेमरी भरली म्हणून डिलीट केलं, हप्ता थकला म्हणून विकला. आणि जे फोटो टिकतात ते बघा. 14 एप्रिल, 1 जानेवारी, 6 डिसेंबर, धम्मचक्र प्रवर्तन दिन. निळे झेंडे, पांढरे कपडे, डीजेसमोरची पोरं. ते असावेतच, त्या दिवसांनी आपल्याला माणूस केलं. दुसरे फोटो असतात अत्याचाराचे. खैरलांजी म्हटलं की आपल्या पिढीच्या डोळ्यांसमोर काय येतं? मृतदेह. सुरेखाताई भोतमांगे आपल्या शेतात कशा उभ्या राहत असतील, प्रियंका वही घेऊन कशी बसत असेल, ते आपल्याला आठवत नाही, कारण ते आपण कधी पाहिलंच नाही. 29 सप्टेंबर 2006 च्या आधीही ती माणसं जगत होती.

म्हणजे आपल्या फोटोंत वर्षाचे दोनच दिवस आहेत. एक मिरवणुकीचा, एक मरणाचा. उरलेले 363 दिवस कुणी टिपायचे, हा माझा प्रश्न आहे. आणि तो माझ्या डोक्यात घोळायला लागला तो एका छोट्या कॅमेऱ्यामुळे.

पुण्यात नोकरी करणारा माझा एक मित्र सुट्टीला गावी आला तेव्हा त्याने नवा कॅमेरा आणला होता. कॅननचा पॉवरशॉट जी सेव्हन एक्स, मार्क थ्री. परत जाताना माझ्याकडे ठेवून गेला. "आठ दिवस वापर, मग सांग," म्हणाला. मॉडेल 2019 चं, पण त्याला अजून इतकी मागणी आहे की नवा कोरा विकला जातो. मी याआधी लग्नाच्या फोटोग्राफरचा मोठा कॅमेरा हाताळलेला, त्याच्या बॅगा उचललेल्या. हा मात्र पॅन्टच्या खिशात गेला. वजन 304 ग्रॅम, म्हणजे पाव किलोला थोडं जास्त. बटण दाबलं की भिंग बाहेर येतं, बंद केलं की आत जाऊन झाकण मिटतं. शर्टाच्या खिशात घालाल तर खिसा ओघळतो, एवढीच तक्रार.

आता मोबाइल असताना हे कशाला, असं वाचणारा म्हणणारच. तर पहिली गोष्ट सेन्सरची. प्रकाश झेलणारी जी चकती आत असते तिला या कॅमेऱ्यात 'एक इंची' म्हणतात. प्रत्यक्षात ती 13.2 बाय 8.8 मिलीमीटर असते, इंच वगैरे काही नाही. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांच्या नळ्यांच्या मापावरून ते नाव चिकटलंय. नाव एक आणि माप दुसरं, याची आपल्याला या देशात सवय आहे. तरीही आपल्या खिशातल्या दहा-पंधरा हजारांच्या फोनच्या सेन्सरपेक्षा ती कितीतरी मोठी, आणि भिंगही मोठं, त्यामुळे कमी उजेडात फरक पडतो. काही महागड्या फोनमध्येही आता एवढा सेन्सर आलाय, पण ते फोन आपल्या खिशात नाहीत.

तो फरक मला गुऱ्हाळावर दिसला. आमच्या भागात उसाबरोबर गुऱ्हाळंही भरपूर. पहाटे चुलवाण पेटलेलं असतं, काहिलीवर वाफेचा ढग, उजेड फक्त जाळाचा आणि वर एक पिवळा दिवा. फोनने तिथे फोटो काढला की फोन स्वतःची अक्कल चालवतो. अंधार उजळतो, वाफ पुसतो, गुळव्याच्या तोंडावरचा घाम गुळगुळीत करून टाकतो. कॅमेऱ्याने अंधार अंधार ठेवला आणि जाळाच्या बाजूचा अर्धा चेहरा दाखवला. त्या अर्ध्या चेहऱ्यावर भाजल्याची जुनी खूण होती. गुळव्या उत्तर प्रदेशातून आलेला. फोटो पाहून त्याने खुणेवर बोट ठेवलं आणि काहिलीकडे दाखवलं. मला पुढे काही विचारावं लागलं नाही.

दुसरी गोष्ट आपल्या रंगाची, आणि यावर मी जरा रेंगाळणार आहे.

माझी आत्या दारात लसूण सोलत बसली होती. मागे पांढरा चुना लावलेली भिंत, अंगावर फिकट साडी. मी म्हणालो, "आत्या, अशीच बस." ती उठलीच. "आरं थांब, तोंड तरी धुऊ दे. पदर नीट घेऊ दे की." आत गेली, बाहेर आली आणि भिंतीला पाठ लावून दोन्ही हात खाली सोडून ताठ उभी राहिली. आधार केंद्रावर उभी राहते तशी. फोटो म्हणजे हेच, असं तिच्या अंगात भिनलेलं. मी पाच-सहा फोटो तसेच काढले. मग तिला कंटाळा आला, ती बसली आणि पुन्हा लसूण सोलायला लागली. त्यानंतरचे फोटो खरे.

पण पहिले सगळे फोटो काळवंडले होते. आत्याचं नाक, डोळे काही उमटेनात. कारण साधं आहे. कॅमेऱ्याचं मीटर समोरचा सगळा उजेड सरासरीने मोजतं. पांढरी भिंत, पांढरी साडी दिसली की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि ते सगळंच अंधारून टाकतं. गोऱ्या माणसाचं त्यात फारसं बिघडत नाही. काळ्या माणसाचा चेहरा मात्र खड्डा होतो. या कॅमेऱ्यावर त्यासाठी वेगळी चकती आहे, उणे तीन ते अधिक तीन. ती अधिककडे दोन-तीन घरं सरकवली, आणि आत्या दिसली. कपाळावरच्या आठ्या, लसणाच्या सालांनी चिकट झालेली बोटं, सगळं. पडद्यावर बघून म्हणाली, "माझे हात एवढे काळे हायेत व्हय?" मग थोडा वेळ बघत राहिली. "असू दे. हायेत तसे हायेत."

फोनमध्ये याच्या उलट होतं. बऱ्याच फोनांत चेहरा 'सुंदर' करण्याची सोय असते, आणि सुंदर करणं म्हणजे काय तर उजळ करणं. आमच्या पोरांचे जयंतीचे सेल्फी बघा. दुपारच्या उन्हात चार तास नाचलेली पोरं पिठात लोळल्यासारखी दिसतात. 'फेअर अँड लव्हली'ने नावातला 'फेअर' काढला 2020 साली, फोनने तो आत बसवून ठेवलाय. यात नवं काही नाही. कोडॅक कंपनी रंगीत फिल्मच्या काळात फोटो लॅबना रंग जुळवण्यासाठी एक नमुना कार्ड द्यायची. त्यावर एक गोरी बाई असायची, पहिल्या बाईच्या नावावरून त्या कार्डाला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिची कातडी बरोबर आली की मशीन बरोबर. जगातल्या काळ्या माणसांनी त्या मापात बसायचं. पुढे फिल्म सुधारली, त्यामागे चॉकलेट आणि लाकडी फर्निचर विकणाऱ्या कंपन्यांच्या तक्रारी होत्या असं सांगितलं जातं. त्यांच्या तपकिरी मालाचे रंग नीट येत नव्हते. तेव्हा कॅमेरा कुठलाही असो, चेहरा गुळगुळीत करणारी सोय आधी बंद करा आणि उजेडाची चकती हातात घ्या. आपली त्वचा नीट दिसणं हा सौंदर्याचा प्रश्न आहेच, पण त्याआधी हा खरं-खोटं ठरवण्याचा प्रश्न आहे.

इतिहासात हे यंत्र बहुतेक वेळ आपल्यावर रोखलेलंच होतं. इंग्रजांनी 1868 ते 1875 या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड काढले. साडेचारशेहून जास्त फोटो, आणि शेजारी कोणती जात, कोणती जमात, तिचा 'स्वभाव' कसा. 1857 च्या उठावानंतर राज्य करायला प्रजा ओळखून ठेवायची होती. दुष्काळ पडला की हाडांचे सापळे झालेल्या माणसांचे फोटो विलायतेत, अमेरिकेत मदत गोळा करण्यासाठी छापले जात. त्या फोटोंतल्या माणसांना कुणी नाव विचारलं नाही.

याच्या उलट उदाहरण आमच्या केडगावातच आहे. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुली-बायकांना आणलं आणि केडगावात मुक्ती सदन उभं राहिलं. मिशनच्या धर्मकारणाबद्दल आपले मतभेद असतील, असू द्या. पण तिथे छापखाना होता, आणि खिळे जुळवणं, छपाई, बांधणी ही कामं तिथल्या मुली-बायका करत. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकमधून केलेलं मराठी बायबल याच छापखान्यात छापलं गेलं. ज्यांची फक्त दया यायची त्या मुलींच्या हातात यंत्र आलं, ते या गावात, शंभर वर्षांपूर्वी. डेमू केडगाव स्टेशनात थांबते तेव्हा किती जणांना हे माहीत असतं?

अमेरिकेत गुलामीतून पळालेल्या फ्रेडरिक डग्लसला हे फार आधी कळलं होतं. त्याचा जन्म 1818 चा, म्हणजे कोरेगाव भीमाच्या लढाईच्या वर्षीचा. एकोणिसाव्या शतकातला सर्वाधिक फोटो काढला गेलेला अमेरिकन माणूस तोच. त्याचे 160 च्या आसपास फोटो आज माहीत आहेत, अध्यक्ष लिंकनपेक्षा जास्त. जवळपास सगळ्या फोटोंत तो नीट कपड्यांत, न हसता, रोखून बघतो. गोऱ्यांच्या वर्तमानपत्रांत काळ्या माणसांची माकडासारखी चित्रं यायची. त्याचं म्हणणं होतं की कॅमेरा तसं खोटं बोलणार नाही, म्हणून तो पुन्हा पुन्हा कॅमेऱ्यासमोर बसला आणि या विषयावर व्याख्यानंही दिली. जोतीरावांनी 'गुलामगिरी' 1873 साली गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांना अर्पण केली, ते नातं आपण भाषणांत सांगतो. त्या नात्यात कॅमेराही आहे.

आपल्याकडे 1 जानेवारी 1927 चा बाबासाहेबांचा कोरेगाव भीमाच्या विजयस्तंभासमोरचा फोटो आहे. सभोवती बसलेली-उभी माणसं बघा, प्रत्येकाच्या अंगावर त्या दिवशीचे धुतलेले कपडे आहेत. 7 डिसेंबर 1956 च्या अंत्ययात्रेचं चित्रीकरण आज आपण पाहू शकतो ते नामदेव व्हटकरांमुळे. सरकारी कॅमेऱ्याची वाट न बघता त्यांनी स्वतः पैसा उभा करून ते केलं. पण माझ्या मते आपल्या सगळ्या फोटोंत सगळ्यात मोलाचा फोटो राजगृहातला आहे, 1934 चा. यशवंत, बाबासाहेब, रमाई, लक्ष्मीबाई, मुकुंद, आणि सोबत टोबी कुत्रा. त्यात सभा नाही, सत्याग्रह नाही. एक घर आहे. पुढच्या वर्षी, 27 मे 1935 ला रमाई गेली. तिचे फोटो आधीच फार थोडे. हा एक नसता तर ती घरात कशी दिसायची, हे आपल्याला फक्त चित्रकारांकडून कळलं असतं.

अलीकडचीही नावं आहेत. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो वर्षानुवर्षे काढणारे सुधारक ओलवे, ज्यांना 2016 मध्ये पद्मश्री मिळाली. तामिळनाडूचा एम. पलनी कुमार, गटारात मरणाऱ्या कामगारांचे फोटो काढतो, पण मदुराईत मासे विकणाऱ्या आपल्या आईचेही त्याने कितीतरी वर्षं फोटो काढले. आईची टोपली, आईची झोप, आईचा थकवा. मला हे दुसरं काम जास्त अवघड वाटतं. मरण बघायला जग थांबतं. मासे विकून परतणारी बाई बघायला कोण थांबणार?

त्या आठ दिवसांत मी केडगावच्या कांदा बाजारात गेलो. कांदा निवडणाऱ्या बायका, पाठीवर पोती घेणारे हमाल. फोन काढला की माणसं लगेच विचारतात, "व्हिडिओ काढतोय का? कुठं टाकणार?" फोन म्हणजे व्हायरल, हे सगळ्यांना कळून चुकलंय, आणि त्यांची भीती रास्त आहे. छोटा कॅमेरा काढला तेव्हा प्रश्न बदलला, "आमाला देणार का?" कागदावरचा फोटो मिळेल ही जुनी आशा अजून जिवंत आहे. मोठा कॅमेरा असता तर पत्रकार आला म्हणून गर्दी झाली असती. या मधल्या आकाराचा फायदा मला कुठल्याही जाहिरातीत वाचायला मिळाला नव्हता.

उसाच्या फडाजवळ ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडलेल्या होत्या, बीडकडची माणसं. तिथे एका बाईने स्पष्ट सांगितलं, "भाऊ, लेकराचा काढा, माझा नका काढू. अन् मुकादमाला दाखवू नका." मुकादमाची उचल घेतलेली, कशाचा काय अर्थ निघेल सांगता येत नाही. मी तिचा काढला नाही. आपले कार्यकर्ते इथे घसरतात, हे बोललं पाहिजे. शोषिताचा फोटो आहे, चळवळीसाठी आहे, मग विचारायचं कशाला, असा आपला खाक्या असतो. 'पीपल ऑफ इंडिया'वाल्यांनीही विचारलं नव्हतं. ज्याचा फोटो त्याची परवानगी, आणि ज्याचा फोटो त्याला एक प्रत. एवढं जमत नसेल तर कॅमेरा खिशात राहिलेला बरा.

आता पैशाचं बोलू, कारण त्याशिवाय हा लेख म्हणजे नुसती हौस होईल. जपानच्या कॅमेरा उत्पादक संघटनेच्या आकड्यांनुसार 2010 साली जगभर 12 कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले, त्यातले बहुतेक असे खिशातले. मग स्मार्टफोनने तो धंदा खाल्ला. गेल्या काही वर्षांत श्रीमंत देशांतल्या कॉलेजच्या पोरांना फोनच्या चकचकीत फोटोंचा कंटाळा आला आणि छोटे कॅमेरे परत फॅशनमध्ये आले. फुजीचा एक्स हंड्रेड सिक्स 2024 मध्ये आला आणि लोक महिनोन्‌महिने नंबर लावून बसले. रिकोचा जीआर थ्री 257 ग्रॅमचा, सेन्सर मोठ्या कॅमेऱ्याएवढा, रस्त्यावर फोटो काढणाऱ्यांचा लाडका, पण झूम नाही, फ्लॅश नाही. त्याची पुढची आवृत्ती 2025 मध्ये आली. कोडॅकच्या नावाने किल्लीला अडकवायचा 1.6 मेगापिक्सेलचा खेळणं-कॅमेराही आला, तोसुद्धा हातोहात खपला. यातल्या चांगल्या कॅमेऱ्यांच्या किमती लाखाच्या आसपास किंवा पुढे आहेत. लाख रुपयांत ऊसतोडीची एक कोयता उचल होते, म्हणजे नवरा-बायकोचा सहा महिन्यांचा घाम. ज्याला परवडतं त्याने घ्यावा. कर्ज काढून घेऊ नका, हे मी स्पष्ट सांगतो.

पुण्यात एका मोठ्या दुकानात मी किंमत विचारायला गेलो होतो. काउंटरवरच्या माणसाने माझ्याकडे, माझ्या चपलेकडे बघितलं आणि म्हणाला, "मोबाइल त्या बाजूला आहेत." मी म्हणालो, कॅमेराच बघायचाय. त्याने काचेतून दाखवला, हातात दिला नाही. मी काचेतूनच बघून, त्याला दोन प्रश्न विचारून बाहेर पडलो. बाबासाहेबांच्या लेकरांना काच नवी नाही.

मग आम्ही वस्तीतल्या सात जणांनी वर्गणी काढून जुना घेतला. साडेचार हजारांत, एका ओळखीच्या फोटोग्राफरकडून. बारा-तेरा वर्षांपूर्वीचं मॉडेल, 16 मेगापिक्सेल, पाचपट झूम, खरा झेनॉन फ्लॅश. मित्राच्या कॅननशी त्याची बरोबरी नाही. संध्याकाळनंतर फोटोत दाणे दिसतात, चालू व्हायला वेळ लागतो. पण दिवसाच्या उजेडात काढलेली 4×6 ची प्रिंट शेजारी ठेवली तर आत्याला फरक सांगता आला नाही, आणि आमच्यासाठी आत्याचं मत अखेरचं. जुना घेणार असाल तर काही गोष्टी बघून घ्या. कार्ड कोणतं लागतं ते आधी. सोनीच्या जुन्या कॅमेऱ्यांना मेमरी स्टिक लागते, ऑलिम्पस आणि फुजीच्या काहींना एक्सडी कार्ड, आणि ती आता शोधत फिरावं लागतं. साधं एसडी कार्ड चालणाराच घ्या. फार जुन्या कॅमेऱ्यात दोन जीबीच्या वरचं कार्ड चालत नाही, तेही तिथल्या तिथे घालून बघा. भिंग चार-पाच वेळा आत-बाहेर करा, आवाज खरखरीत आला तर पैसे देऊ नका. बॅटरी फुगलेली नाही ना, आणि तसली बॅटरी अजून बाजारात मिळते ना, तेही. कॅननसारख्या नव्या कॅमेऱ्यातसुद्धा एका चार्जिंगवर सव्वादोनशे-अडीचशेच फोटो निघतात, तेव्हा जास्तीची बॅटरी लागतेच.

काही साथी विचारतील, आणि एकाने विचारलंच, "दादा, तिकडे आरक्षण संपवतायत, शिष्यवृत्त्या अडकल्यात, आणि तुम्ही लसूण सोलणाऱ्या आत्याचे फोटो काढताय?" प्रश्न चुकीचा नाही. पण याच कॅमेऱ्याचं अवघड दिवसाचंही काम आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेला फोटो दाबलेला असतो, त्यातली तारीख-वेळेची माहिती निघून गेलेली असते. तो मूळचा कुणाचा, यावर कोर्टात वकील तासभर खेळतो. कॅमेऱ्याच्या कार्डातली मूळ फाइल तशीच ठेवली, कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर लावलेलं असलं, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार लागणारं प्रमाणपत्र देणं सोपं जातं. कार्ड काढून बाजूला ठेवा, त्यावर पुढचं काही काढू नका, आणि फोन मात्र तुमच्या हातात मोकळा राहतो. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात 2015 च्या दुरुस्तीने आलेलं कलम 15अ वाचा. या कायद्याखालच्या गुन्ह्यांच्या कार्यवाहीचं व्हिडिओ चित्रण व्हावं, असं त्याच्या दहाव्या पोटकलमात म्हटलंय. किती प्रकरणांत आपण त्याची मागणी करतो?

तरीसुद्धा मी त्या साथीला एवढंच सांगितलं की आरक्षण कुणासाठी वाचवायचं, ते दाखवायला माणूस दिसावा लागतो. आपल्याविषयी बोलणाऱ्यांच्या डोक्यात आपली दोनच चित्रं आहेत, रस्ता अडवणारा जमाव आणि झाडाला लटकलेलं प्रेत. अभ्यासिकेत पहाटे पाचला स्वेटर घालून बसलेली, एमपीएससीच्या पुस्तकावर डुलकी घेणारी पोरगी त्यांच्या चित्रात नाही. ती आपल्याही चित्रात नाही, हे मला जास्त लागतं.

कॅमेरा आता विहारातल्या कपाटात असतो. एक वही केली आहे. कोण घेऊन गेलं, कधी आणलं, किती फोटो. आठवड्याला एकाची पाळी, त्यात तीन मुली आहेत आणि त्यांचे फोटो आम्हा पोरांपेक्षा सरस येतात, कारण बायका त्यांच्यासमोर उठून तोंड धुवायला जात नाहीत. महिन्याच्या शेवटी फोटो दोन ठिकाणी उतरवून ठेवतो, एक हार्ड डिस्क विहारात, एक पुण्यातल्या मित्राकडे. मोजके चाळीस-पन्नास फोटो निवडून दौंडला प्रिंट काढतो. प्रिंटच्या मागे पेन्सिलीने नाव, तारीख, काय चाललंय ते लिहितो. शाईच्या पेनाने लिहू नका, शाई पुढच्या फोटोला लागते. नाव लिहिताना पूर्ण लिहायचं, 'कामगार महिला' असं लिहायचं नाही, असा नियम मुलींनी केला आहे. ज्यांना नाव नको त्यांचं लिहीत नाही, पण फोटो काढायच्या आधी ते विचारून घेतो.

आतापर्यंत 612 फोटो झालेत, त्यातले 14 एप्रिलचे 90. या आठवड्यात पाळी एका नववीतल्या पोरीची आहे. ती म्हणते, आजी पहाटेच्या गाडीने पुण्याला घरकामाला जाते, तिच्याबरोबर जाऊन ती कुठे बसते, काय खाते, कुणाशी बोलते, ते सगळं काढायचंय. वहीत तिने 'परत आणण्याची तारीख' रिकामी सोडली आहे.